शेती-सल्लागाराची शाळा

भारतातील शेतकरी पिकाविषयीचा सल्ला कोणाकडून घेतो, या प्रश्नाचे उत्तर राष्ट्रीय नमुना पाहणी संघटनेने २००३ मध्ये केलेल्या पाहणीत सापडते, आणि ते सरकारी विस्तारयंत्रणेला सुखावणारे नाही. आधुनिक शेतीतंत्राची माहिती कोणत्या ना कोणत्या मार्गाने मिळवणारी कुटुंबे त्या पाहणीत सुमारे ४० टक्केच निघाली. एकूण कुटुंबांपैकी जवळपास १७ टक्क्यांनी ती परिसरातील प्रगतिशील शेतकऱ्याकडून मिळवली होती, सुमारे १३ टक्क्यांनी निविष्ठांच्या, म्हणजे बियाणे, खते व कीटकनाशके यांच्या विक्रेत्याकडून मिळवली होती, तेवढ्याच कुटुंबांना ती रेडिओवरून कळली होती, आणि ज्याची नेमणूकच या कामासाठी झालेली असते त्या विस्तार कर्मचाऱ्याकडून माहिती घेणारी कुटुंबे ६ टक्क्यांच्याही आत होती. त्यानंतरच्या वीस वर्षांत मोबाइल फोनमुळे माहितीचे मार्ग वाढले असले, तरी कीड दिसताच रोगट पान किंवा बोंड खिशात घालून तालुक्याच्या कृषी सेवा केंद्राची पायरी चढणारा शेतकरी महाराष्ट्रात आजही सर्वत्र दिसतो. म्हणून कृषी सल्लागारांच्या प्रशिक्षणाचा विचार करताना केवळ कृषी सहायकाचा विचार करून भागत नाही; कृषी विज्ञान केंद्रातील विषय विशेषज्ञ, कंपनीचा प्रतिनिधी, दुकानदार, शेजारचा जाणता शेतकरी आणि अलीकडे बचत गटातून पुढे आलेली कृषी सखी हे सारेच कमीअधिक प्रमाणात सल्लागार असतात, आणि त्यांपैकी प्रत्येकाचा चरितार्थ वेगळ्या गोष्टीवर चालतो.

या सर्वांना शाश्वत शेती शिकवायची म्हणजे नेमके काय शिकवायचे, हा खरा प्रश्न आहे. उत्पन्न घेत असतानाच जमिनीचा कस, भूजलाचा साठा, पिकाला उपकारक असलेली जीवसृष्टी आणि शेतकऱ्याची पुढील हंगामात पुन्हा उभे राहण्याची आर्थिक ताकद शिल्लक ठेवणारी शेती, अशी शाश्वत शेतीची व्याख्या ढोबळमानाने करता येईल. व्याख्या सोपी आहे. अडचण तिच्यातून निघणाऱ्या सल्ल्याची आहे. एकरी युरिया किती द्यावा, हे एका पत्रकावर छापून जिल्ह्यातील प्रत्येक गावात वाटता येते. आज फवारणी करावी की थांबावे, हे मात्र त्या शेतात त्या सकाळी कोणत्या किडी आहेत, त्यांना खाणारे कीटक किती आहेत, पीक कोणत्या अवस्थेत आहे आणि आभाळ कसे आहे, यांवर ठरते, आणि हे छापील पत्रकात मावणारे नाही. रासायनिक निविष्ठांच्या जागी ज्ञान आणि निरीक्षण यांचा वापर वाढवणे हे शाश्वत शेतीच्या बहुतेक पद्धतींचे समान सूत्र असल्याने, तिचा सल्ला देणाऱ्याची तयारीही निराळ्या प्रकारची असावी लागते. जुन्याच अभ्यासक्रमात जीवामृताचा, म्हणजे शेण-गोमूत्रापासून केलेल्या द्रावणाचा, एक तास वाढवून ही तयारी होत नाही.

जुना अभ्यासक्रम कोणत्या पद्धतीतून आला, हे येथे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. इस्रायली विस्तारतज्ज्ञ डॅनियल बेनोर यांनी मांडलेली ‘प्रशिक्षण आणि भेट’ पद्धत १९७०च्या दशकाच्या मध्यास राजस्थान व मध्य प्रदेशातील चंबळ लाभक्षेत्रात सुरू झाली आणि जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने पुढे महाराष्ट्रासह बहुतेक मोठ्या राज्यांत पोहोचली. या पद्धतीत विषयतज्ज्ञ दर पंधरवड्याला गावपातळीवरील कर्मचाऱ्यांना पुढील दोन आठवड्यांचे ठरावीक संदेश देत, कर्मचारी ते संदेश निवडक संपर्क शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवत, आणि संपर्क शेतकऱ्यांकडून ते इतरांपर्यंत झिरपावेत अशी अपेक्षा असे. कर्मचाऱ्याच्या गळ्यात पडलेली इतर सरकारी कामे काढून त्याला केवळ शेतीच्या कामासाठी मोकळे करणे, ही या पद्धतीची मोठी देणगी होती. आणि ओलिताखालील गहू-भाताच्या सुधारित वाणांसाठी, जेथे हजारो हेक्टरांवर एकच सल्ला लागू पडतो, तेथे ती उपयोगीही ठरली. कोरडवाहू प्रदेशात मात्र तिची मात्रा चालली नाही. (पाऊस पंधरवड्याचे वेळापत्रक पाळत नाही, ही अडचण कोणत्याही आराखड्यात दाखवलेली नसते.) ज्या महाराष्ट्रात पिकाखालील क्षेत्राचा जेमतेम पाचवा हिस्सा ओलिताखाली आहे आणि एकाच शिवारात माळाची मुरमाड जमीन व ओढ्याकाठची खोल काळी जमीन शेजारी शेजारी नांदते, तेथे वरून आलेला एकच संदेश निम्म्या शेतांना गैरलागू ठरणे स्वाभाविक होते. त्याहून दूरगामी परिणाम सल्लागाराच्या घडणीवर झाला: तो निरोप्या झाला. त्याला काय सांगायचे हे शिकवले गेले; काय पाहायचे हे शिकवण्याची गरज त्या रचनेत नव्हतीच.

या घडणीला पहिले मोठे आव्हान इंडोनेशियाच्या भातखाचरांतून मिळाले. तेथील सरकारने भाताचे उत्पादन वाढवण्यासाठी कीटकनाशकांवर मोठे अनुदान दिले होते, आणि त्याचा परिणाम म्हणून तपकिरी तुडतुड्यांचा उपद्रव आटोक्यात येण्याऐवजी वाढत गेला. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या परिसरात पीटर केनमोर यांनी केलेल्या संशोधनातून यामागील कारण स्पष्ट झाले होते. फवारणीमुळे तुडतुड्यांबरोबर, किंबहुना त्यांच्याहून अधिक प्रमाणात, त्यांना खाणारे कोळी व इतर मित्रकीटक मरतात. पानांच्या आत घातलेली तुडतुड्यांची अंडी मात्र वाचतात आणि शत्रू उरला नसल्यामुळे पुढची पिढी बेसुमार वाढते. १९८५-८६ मध्ये जावा बेटावर तुडतुड्यांनी पुन्हा थैमान घातल्यानंतर राष्ट्राध्यक्षांच्या १९८६च्या आदेशाने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी आली आणि पुढील दोन-तीन वर्षांत अनुदानही टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. आता प्रश्न असा होता की, वर्षानुवर्षे फवारणीचे वेळापत्रक वाटत आलेल्या कर्मचाऱ्यांनी शेतकऱ्यांना जाऊन काय सांगायचे?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने १९८९ पासून तेथे उभ्या राहिलेल्या शेतीशाळांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर विस्तारशास्त्राच्या इतिहासात मूलगामी ठरले, आणि त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग शेतकऱ्यांच्या शिक्षणापेक्षा प्रशिक्षकांच्या शिक्षणात होता. प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्या सरकारी कीड-निरीक्षकांना व्याख्याने ऐकवून सोडून न देता, त्यांना प्रथम साऱ्या हंगामभर स्वतः भात पिकवायला लावण्यात आले. नांगरणीपासून कापणीपर्यंत चिखलात उभे राहून ज्याने पीक पाहिले नाही, त्याने दुसऱ्याच्या पिकाविषयी निर्णय देऊ नये, असा त्यामागील आग्रह होता. असे तयार झालेले प्रशिक्षक मग जी शेतीशाळा चालवत, तिच्यात पेरणी-लावणीपासून पीक हाती येईपर्यंत दर आठवड्याला साधारण पंचवीस शेतकऱ्यांचा गट एका शेतात जमत असे, लहान तुकड्यांमध्ये विभागून काही चुडांचे निरीक्षण करत असे आणि मोठ्या कागदावर त्या दिवशीच्या शेताचे चित्र काढत असे. चित्राच्या मधोमध भाताचे रोप, त्याच्या एका बाजूस आढळलेल्या किडी, दुसऱ्या बाजूस मित्रकीटक, वर सूर्य किंवा ढग, खाली बांधीतील पाण्याची पातळी. या क्रियेला परिसंस्था विश्लेषण म्हणतात. परिसंस्था म्हणजे पीक, कीटक, माती, पाणी आणि हवामान यांचे परस्परांवर अवलंबून असलेले जाळे. चित्र पुरे झाल्यावर गट चर्चा करून येत्या आठवड्यात काय करायचे ते ठरवत असे.

प्रशिक्षकांच्या अंगवळणी पाडलेली सर्वांत अवघड सवय म्हणजे उत्तर न देण्याची. शेतकऱ्याने एखादा कीटक दाखवून हा कोणता, असे विचारले की त्याचे नाव सांगण्याऐवजी तो कोठे सापडला, काय करत होता, तेथे आणखी कोण होते, असे उलट प्रश्न विचारायचे, आणि तरीही उलगडा झाला नाही तर जाळी लावलेल्या पिंजऱ्यात भाताच्या रोपावर तो कीटक आणि काही तुडतुडे एकत्र सोडून दुसऱ्या दिवशी किती उरले ते मोजायचे. कोळ्याने एका रात्रीत किती तुडतुडे फस्त केले, हे ज्याने स्वतः मोजले, त्याला मित्रकीटकांचे महत्त्व पटवून देण्यासाठी वेगळे व्याख्यान लागत नाही. पाने खाणाऱ्या अळीची धास्ती घालवण्यासाठी असाच एक प्रयोग केला जाई: फुटवे येण्याच्या अवस्थेत काही चुडांची पाने मुद्दाम कात्रीने कापायची आणि काढणीच्या वेळी त्यांचे उत्पादन न कापलेल्या चुडांशी ताडून पाहायचे. कोवळ्या वयातील भात बरेचसे नुकसान भरून काढतो, ही गोष्ट त्यातून समोर येई. सरकारी नोकरीत ज्ञान हाच ज्याच्या अधिकाराचा आधार, त्याला ‘मला ठाऊक नाही, आपण पाहू’ असे लोकांसमोर म्हणायला शिकवणे हे कीटकशास्त्र शिकवण्यापेक्षा किती कठीण असेल, याची कल्पना कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला येऊ शकते.

पुढे ही पद्धत नव्वदहून अधिक देशांत गेली, आणि प्रसाराबरोबर तिच्याविषयीचे वादही वाढले. जागतिक बँकेशी संबंधित अर्थशास्त्रज्ञ गेर्शन फेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोनेशियातील १९९१ ते १९९९ या काळातील आकडेवारीच्या आधारे २००४ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, शेतीशाळेत गेलेल्या शेतकऱ्यांच्या उत्पादनात किंवा कीटकनाशकांच्या वापरात लक्षणीय फरक पडलेला दिसत नाही आणि त्यांनी मिळवलेले ज्ञान शेजाऱ्यांपर्यंतही फारसे पोहोचत नाही. त्याच वर्षी वेगवेगळ्या देशांतील २५ मूल्यमापनांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला आणि त्यात मात्र कीटकनाशकांचा वापर घटल्याचे अनेक ठिकाणी आढळले होते. या दोन निष्कर्षांत वाटतो तेवढा विरोध नसावा. निरीक्षणातून कमावलेले ज्ञान निरोपासारखे तोंडातोंडी पसरत नाही, हे त्याच्या स्वरूपातच आहे. आणि मोजक्या, हंगामभर तयार झालेल्या प्रशिक्षकांकडून चालणारी शाळा जेव्हा लाखो शेतकऱ्यांसाठी घाईने उघडली जाते, तेव्हा पहिली काटछाट प्रशिक्षकाच्या तयारीतच होते. हंगामाचे प्रशिक्षण आठवड्याचे होते, आठवड्याचे दोन दिवसांचे होते, आणि अखेर कागदावर चित्र काढण्याचा विधी तेवढा उरतो.

महाराष्ट्राला या विषयाकडे वळवले ते मुख्यतः संकटांनी. २००८च्या खरिपात विदर्भातील सोयाबीनवर स्पोडोप्टेरा व इतर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला, आणि त्यानंतर २००९-१० पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ या नावाने ओळखला जाणारा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, भात यांसारख्या पिकांच्या ठरावीक शेतांत कीड-सर्वेक्षक नियमित निरीक्षणे घेतात, ती संगणकावर भरली जातात, कृषी विद्यापीठांचे तज्ज्ञ त्यांवरून सल्ला तयार करतात आणि तो शेतकऱ्यांना मोबाइलवर मिळतो. या साखळीचा कणा म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी ही संकल्पना. शेतात कीड दिसली म्हणजे ती मारलीच पाहिजे असे नसते. किडीची संख्या जेव्हा अशा टप्प्यावर पोहोचते की उपाय न केल्यास होणारे नुकसान उपायाच्या खर्चापेक्षा जास्त ठरेल, तेव्हाच हस्तक्षेप करणे फायद्याचे असते, आणि त्या टप्प्याला हे नाव आहे. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात, म्हणजे मादी पतंगाच्या गंधासारखा गंध वापरून नर पतंगांना आकर्षित करणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडणे, किंवा तपासलेल्या फुले-बोंडांपैकी दहा टक्के किडलेली आढळणे, ही ती पातळी मानली जाते.

हा आकडा पाठ करून घेणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, हे गुलाबी बोंडअळीच्या उदाहरणावरूनच चांगले कळते. २००२ मध्ये बोंडअळ्यांना मारक विष झाडातच असलेला बीटी कापूस आल्यानंतर काही वर्षे बोंडअळ्या नियंत्रणात राहिल्या. परंतु गुलाबी बोंडअळीने त्या वाणांतील विषाला दाद देणे हळूहळू बंद केले आणि २०१७च्या हंगामात तिने राज्यातील कपाशीचे प्रचंड नुकसान केले. ही अळी अंड्यातून बाहेर पडताच कळीत किंवा बोंडात शिरते आणि तिने पाडलेले छिद्र बुजून जाते, त्यामुळे बाहेरून बोंड धडधाकट दिसते आणि आतील अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. म्हणून सल्लागाराला पाकळ्या एकमेकींत गुरफटलेली, गुलाबाच्या कळीसारखी न उमललेली ‘डोमकळी’ ओळखता आली पाहिजे, हिरवी बोंडे तोडून फोडून पाहण्याची सवय हवी, आणि हंगाम संपल्यावरही पाणी देऊन फरदड घेण्याचा मोह शेतकऱ्याला का महागात पडतो, हे त्याला समजावता आले पाहिजे. फरदडीच्या कपाशीवर व शेतात उरलेल्या पऱ्हाट्यांवर अळीची साखळी पुढील जूनपर्यंत चालू राहते. डिसेंबरअखेर शेत मोकळे केले तर ती तुटते. या सल्ल्यात विकण्यासारखे काहीच नाही, आणि तो एकट्या शेतकऱ्याने पाळून पुरेसा होत नाही, साऱ्या शिवाराने तो पाळावा लागतो. तेव्हा कीटकशास्त्राइतकेच गाव एकत्र बसवण्याचे कसब सल्लागाराच्या अंगी लागते.

त्याच २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. पुरुषभर वाढलेली कपाशी, दमट उकाडा, संरक्षक साधनांचा अभाव आणि दोन-तीन कीटकनाशके एकाच पंपात मिसळण्याची रूढ झालेली पद्धत, अशी कारणे त्या वेळी पुढे आली. यांपैकी शेवटचे कारण थेट सल्ल्याशी निगडित आहे. कोणत्या मिश्रणाची शिफारस झाली आहे आणि कोणते केवळ दुकानाच्या काउंटरवर जन्माला आले आहे, हे फवारणी करणाऱ्या मजुराला कळण्याचा काही मार्ग नसतो.

काउंटरवरील या सल्लागाराला शिकवण्याचा एक संघटित प्रयत्न हैदराबादच्या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे ‘मॅनेज’ने, २००३ मध्ये सुरू केला. निविष्ठाविक्रेत्यांसाठीच्या या एक वर्षाच्या पदविकेत ४८ आठवड्यांत ४० वर्ग आणि ८ क्षेत्रभेटी असतात, आणि दुकानदाराचा धंदा बुडू नये म्हणून ते रविवारी किंवा बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी भरवले जातात. माती, बियाणे, पीकसंरक्षण, कायदे अशा विषयांची ओळख त्यात होते आणि दुकानदाराच्या ज्ञानात त्यामुळे निश्चित भर पडते. ज्या माणसाकडे शेतकरी नाहीतरी जाणारच आहे त्याला शहाणे करावे, हा विचार व्यवहार्य आहे. परंतु त्याची मर्यादाही उघड आहे. ‘पातळी ओलांडलेली नाही, आठवडाभर थांबा’ असे सांगितल्याने विक्रेत्याची त्या दिवसाची विक्री बुडते, आणि तोच शेतकरी समोरच्या दुकानात जाऊन बाटली घेऊन येण्याची शक्यता मोठी असते. उधारीचा संबंध याहून घट्ट असतो: पेरणीच्या वेळी उधारीवर बियाणे-खत घेतलेला शेतकरी त्याच दुकानदाराचा सल्ला नाकारण्याच्या स्थितीत क्वचितच असतो. पदविका ज्ञान वाढवते. ही गाठ सोडवणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

जे विकले जात नाही त्याचा सल्ला कोण देतो, हे पाहायचे तर सोयाबीनच्या बियाण्याचे उदाहरण बोलके आहे. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे, म्हणजे त्याच्या फुलातील परागकण त्याच फुलाचे फलन करतात, त्यामुळे घरचे बियाणे काही वर्षे निर्धास्त वापरता येते. २०२०च्या खरिपात विकतचे सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर आल्यानंतर कृषी विभागाने घरच्या बियाण्याच्या उगवणशक्ती चाचणीवर मोठा भर दिला. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडून, गुंडाळून ठेवायचे आणि काही दिवसांनी मोजायचे. सत्तर किंवा अधिक उगवले तर शिफारशीइतकेच बियाणे पेरायचे, कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवायचे. याच्या जोडीला रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरणी केली, तर बियाणे कमी लागते, पावसाचा खंड पडल्यास वरंब्यात ओल टिकते आणि अतिवृष्टी झाल्यास जादा पाणी सरीतून निघून जाते. कृषी सहायकाने गावोगाव गोणपाट पसरून केलेले हे काम त्याच्या पदाला सर्वाधिक शोभणारे होते, असे म्हणावे लागेल. २०२५ मध्ये या पदाचे नाव सहायक कृषी अधिकारी असे करण्यात आले. पंचनामे, अनुदानाच्या याद्या आणि योजनांची ऑनलाइन नोंदणी यांत जाणारा वेळ मात्र नावाबरोबर बदललेला नाही.

राज्यात शेतीशाळेला मोठे व्यासपीठ मिळाले ते जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून मराठवाडा व विदर्भातील जिल्ह्यांसह एकूण १५ जिल्ह्यांतील सुमारे पाच हजार गावांत राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पामुळे. हवामानबदलाला तोंड देणारी शेती हा या प्रकल्पाचा विषय असल्याने किडींबरोबरच ओल टिकवणे, आंतरपिके, जमिनीतील सेंद्रिय कर्ब अशा बाबी शेतीशाळेत आल्या. सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेल्या वनस्पती-प्राणिजन्य पदार्थांतून मातीत साठलेला कार्बन; माती पाणी किती धरून ठेवेल, जिवाणू किती जगतील आणि दिलेले खत पिकाला किती लागेल, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते. तो ०.५ टक्क्यांच्या खाली गेलेली जमीन अशक्त समजली जाते आणि महाराष्ट्रात अशा जमिनी थोड्या नाहीत. २०१५ पासून मिळू लागलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्ये असे बारा आकडे छापलेले असतात. ते वाचून खताची गोणी बदलायची की पीक बदलायचे की बांधावर गिरिपुष्प लावून हिरवळीचे खत करायचे, हे ठरवण्यास मदत करणारा माणूस नसेल, तर पत्रिका आधार कार्डाबरोबर पेटीत जाऊन पडते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह भरपूर असूनही पिकाला ते मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात, ही बाब केवळ पत्रिका वाचून कळत नाही. खड्डा खणून मातीचे थर पाहावे लागतात. नागपूरची ‘वनामती’ ही राज्यस्तरीय प्रशिक्षण संस्था, तिच्याशी जोडलेल्या विभागीय संस्था आणि चार कृषी विद्यापीठे यांच्याकडे हे शिकवण्याइतके ज्ञान आहेच. हंगामभर शेतात नेऊन शिकवण्याइतका वेळ देण्याची तजवीज अभावानेच होते.

आंध्र प्रदेशाने याच्या पुढचे पाऊल टाकून सल्लागार कोण, ही बाबच बदलली. २००४ पासून तेथे महिला बचत गटांच्या महासंघांमार्फत कीटकनाशकमुक्त शेतीचा कार्यक्रम चालत होता, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या नैसर्गिक शेतीच्या कार्यक्रमाने त्याच जाळ्याचा उपयोग करून, स्वतःच्या शेतात ही पद्धत यशस्वी केलेल्या शेतकरी स्त्री-पुरुषांना इतर गावांत प्रशिक्षक म्हणून पाठवले. या कार्यक्रमाच्या प्रारंभामागे अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांच्या शून्य खर्च नैसर्गिक शेतीच्या शिबिरांचा मोठा वाटा होता, हा महाराष्ट्राशी असलेला त्याचा धागा. महाराष्ट्रात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने धाराशिव, लातूर या दुष्काळी भागांत शेतकरी महिलांनाच सल्लागार करून त्यांच्या मार्फत एक एकरावर मिश्र अन्नपिके घेण्याचा नमुना पसरवला. घरची जमीन नवऱ्याच्या नावावर असताना निदान एका एकरावर काय पेरायचे, हा निर्णय बाईच्या हाती येणे ही त्यातील पहिली पायरी होती.

अनुभवी शेतकऱ्याचा सल्ला शेतकऱ्याला पटतो, यात शंका नाही. पण पटणे आणि खरे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि येथे शास्त्रज्ञांच्या आक्षेपांना जागा द्यावीच लागते. राष्ट्रीय कृषिविज्ञान अकादमीने २०१९ मध्ये शून्य खर्च नैसर्गिक शेतीच्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे सांगून तिच्या सरसकट प्रसाराला विरोध केला होता. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन यांपासून केलेल्या जीवामृतातून नत्राची सारी गरज भागते, असे मानणे खरोखरच कठीण आहे. त्यातील जिवाणू मातीतील अन्नद्रव्ये मोकळी करतात, हा दावाही जमिनीजमिनीनुसार तपासून पाहण्याजोगा आहे. अशा वेळी सल्लागाराने कोणाची बाजू घ्यावी, यापेक्षा त्याने शेतात तुलना कशी मांडावी, हे त्याला शिकवणे हिताचे. त्याच शेतातील सारख्या मातीचे दोन पट्टे निवडायचे, एकावर नेहमीची पद्धत आणि दुसऱ्यावर नवी पद्धत ठेवायची, बियाणे व पेरणीचा दिवस एकच राखायचा, खर्चाचा हिशेब दोन्हींचा लिहायचा आणि उत्पादन वजन करून मोजायचे. एका हंगामाच्या आकड्यांवर भाळायचे नाही, हेही त्यात आले. नैसर्गिक शेतीच्या प्रचारकांना ही शिस्त जाचक वाटते आणि रासायनिक शेतीच्या समर्थकांना ती अनावश्यक वाटते, यावरूनच ती सल्लागाराला किती गरजेची आहे, हे लक्षात यावे.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या कृषी आणि ग्रामविकास या दोन मंत्रालयांत झालेल्या करारातून आलेली कृषी सखी ही शेतकऱ्यालाच सल्लागार करण्याच्या परंपरेची सर्वांत नवी वारसदार. पहिल्या टप्प्यातील बारा राज्यांत महाराष्ट्र आहे. बचत गटातील शेतकरी महिलांना ५६ दिवसांच्या प्रशिक्षणात मातीची तपासणी, बीजपेढी, जैविक निविष्ठा तयार करणे, पशुधन, शेतीशाळा चालवणे आणि संवादकौशल्य असे विषय शिकवले जातात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या, २,४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानानेही साडेसात लाख हेक्टरांवर पोहोचण्यासाठी अशा ३० हजार कृषी सखी व समुदाय संसाधन व्यक्तींवर भिस्त ठेवली आहे. छप्पन दिवस हा कालावधी दोन दिवसांच्या सभागृही वर्गांच्या तुलनेत उदार आहे. तो पेरणी ते काढणीत विभागून शेतात घालवला जातो की सलग उरकला जातो, यावर त्याची किंमत ठरेल. आणि मानधनाचा प्रश्न आहेच. कृषी सखीने वेगवेगळ्या योजनांची कामे करून वर्षाकाठी साधारण ६० ते ८० हजार रुपये मिळवावेत, असा सरकारचा अंदाज आहे. दुकानदाराला बाटलीमागे नफा मिळतो, सरकारी कर्मचाऱ्याला कामाचा अहवाल उद्दिष्टांवर द्यावा लागतो, आणि कृषी सखीला मातीचे नमुने किंवा झालेल्या बैठका यांच्या संख्येवर पैसे मिळू लागले, तर तीही संख्येकडेच पाहील.

सल्लागाराचे काम कसे मोजावे, यासाठी फार शोधाशोध करावी लागेल असे दिसत नाही. यजमान शेतकऱ्याच्या शेतातील शेतीशाळेचा पट्टा आणि शेजारचा नेहमीच्या पद्धतीचा पट्टा, या दोन्हींवर हंगामात किती फवारण्या झाल्या, किती खर्च आला आणि एकरी किती क्विंटल उतारा पडला, याची नोंद ठेवणे शेतीशाळेच्या पद्धतीतच आहे. आज प्रकल्पाच्या अहवालासाठी ठेवल्या जाणाऱ्या अशा नोंदी, प्रशिक्षकाने घेतलेल्या बैठकांच्या संख्येऐवजी, त्याच्या व कृषी सखीच्या वार्षिक मूल्यमापनात धरल्या, तर त्यासाठी नवा तक्ताही छापावा लागणार नाही.